हरला तो बाद

खेळांच्या स्पर्धा भरविण्याच्या ज्या दोन मुख्य रीती जगभर रूढ आहेत, त्यांपैकी साखळी पद्धत स्वभावतः हिशेबी आणि क्षमाशील आहे. आज पदरी पडलेल्या पराभवाची भरपाई पुढल्या पंधरवड्यात करून घेण्याची मुभा ती प्रत्येक संघास देते, आणि अखेरीस साऱ्या मोसमाचा जमाखर्च मांडून ज्याची शिल्लक अधिक त्याला विजेता ठरविते. बाद पद्धतीचा कायदा याहून कठोर आहे. तिथे हरला तो बाद. त्या निकालावर अपील नाही, आणि मागल्या वर्षीच्या पराक्रमाचा दाखला देऊन सवलत मागण्याचीही सोय नाही.

या पद्धतीविषयी लिहिणारे बहुतेक लेखक अंतिम सामन्यावर लेखणी झिजवितात, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण चषक, जल्लोष, छायाचित्रे हा सारा सरंजाम त्याच दिवसाच्या वाट्याला येतो. परंतु बाद पद्धतीचे खरे मर्म ज्याला जाणून घ्यावयाचे असेल, त्याने आरंभीच्या फेऱ्या पाहाव्यात. अंतिम सामन्यात दोन्ही संघ तुल्यबळ असण्याचा संभव असतो, दोघांनाही आपापल्या प्रतिस्पर्ध्याची धास्ती असते, आणि हरणाऱ्यालाही उपविजेतेपदाचा मान मिळतो. पहिल्या फेरीत मात्र एका बाजूला ज्याला गमावण्यासारखे सर्व काही आहे असा नामांकित संघ आणि दुसऱ्या बाजूला ज्याला गमावण्यासारखे काहीच नाही असा अनामिक संघ उभा राहतो. तिथे बलाढ्याला विजयाचे श्रेय मिळत नाही, पराभवाची नामुष्की मात्र पुरेपूर मिळते. या विषम कसोटीला वर्षामागून वर्षे उतरून दाखविण्याचा आपल्या देशातील सर्वांत ठळक दाखला हैदराबाद शहराने घालून दिलेला आहे. तो नीट समजण्यासाठी आधी या पद्धतीची अंतर्गत रचना पाहू.

बाद स्पर्धेचे गणित विलक्षण सोपे आहे. प्रत्येक सामन्यात एकच संघ गळतो आणि शेवटी एकच उरतो, म्हणून संघ जितके असतील त्याहून एक कमी इतकेच सामने लागतात. ३२ संघांना ३१, ६४ संघांना ६३. संघांची संख्या २, ४, ८, १६, ३२ या क्रमात बसत नसेल तर काही संघांना पहिल्या फेरीत न खेळताच पुढे चाल द्यावी लागते. समजा १९ संघांनी नावे नोंदविली. १९ च्या वरची या क्रमातील संख्या ३२, म्हणून ३२ मधून १९ वजा करता उरलेल्या १३ संघांना पुढे चाल मिळते, आणि बाकीच्या ६ संघांत ३ सामने होऊन त्यांचे ३ विजेते त्या १३ संघांना येऊन मिळतात, म्हणजे दुसऱ्या फेरीत १६ संघ होतात. तिथून पुढे ८, ४, २ आणि १ अशा सामन्यांनी स्पर्धा संपते. सर्व सामन्यांची बेरीज करावी तर ती बरोबर १८ भरते. पुढे चाल कोणाला द्यावयाची आणि मानांकित संघ एकमेकांपासून किती दूर ठेवावयाचे, यातच आयोजकांचे सारे कसब आणि प्रेक्षकांचा सारा संशय एकवटलेला असतो.

युरोपातील क्लबांनी या कठोर कायद्याला थोडा मऊपणा आणला. १९५५ साली युरोपियन कप सुरू झाला तेव्हा प्रत्येक जोडीने एक सामना आपल्या घरच्या मैदानावर आणि एक प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळावा, आणि दोन्ही सामन्यांतील गोलांच्या एकत्रित बेरजेवर निकाल लागावा, अशी योजना करण्यात आली. स्पर्धेचा पहिलाच सामना ४ सप्टेंबर १९५५ रोजी लिस्बन येथे स्पोर्टिंग आणि पार्टिझान यांच्यात होऊन ३-३ असा बरोबरीत सुटला. बेरीज सारखी झाली तर काय, हा प्रश्न मात्र पुढे पंधरा वर्षे छळीत राहिला. १९६५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लिव्हरपूल आणि कोलोन यांचे दोन सामने गोलशून्य झाले, रॉटरडॅममधील तिसरा २-२ असा सुटला, आणि मग पंचांनी नाणेफेकीसारखी एक चकती उडविली, तर ती पहिल्या खेपेस चिखलात उभीच रुतून बसली. दुसऱ्या खेपेस लिव्हरपूलच्या बाजूने कौल पडला. तीनशे मिनिटांच्या खेळाचा निवाडा दैवाच्या हाती सोपविण्याचा हा प्रकार कोणालाच रुचण्यासारखा नव्हता. त्याच सुमारास परक्या मैदानावरील गोलाला अधिक मोल देणारा नियम आला, १९७० साली पेनल्टी शूटआउटला मान्यता मिळाली, आणि परक्या मैदानावरील गोलांचा तो नियम युरोपीय महासंघाने २०२१ मध्ये रद्दही करून टाकला. २०२४-२५ पासून चॅम्पियन्स लीगमध्ये ३६ संघांची एकच साखळी असते. पहिले ८ संघ थेट पुढे जातात आणि ९ ते २४ या क्रमांकांच्या संघांना आधी एक बाद फेरी पार करावी लागते. या नव्या फेरीकडे प्रथम अनेकांनी दुय्यम म्हणून पाहिले. परंतु पहिल्याच वर्षी मँचेस्टर सिटीसारखा मातब्बर संघ रेआल माद्रिदकडून ३-६ अशा एकत्रित गोलसंख्येने याच फेरीत गारद झाला, आणि याच फेरीतून ब्रेस्टला १०-० असे नमवून पुढे सरकलेल्या पॅरिस सेंट जर्मेनने ३१ मे २०२५ रोजी म्यूनिकमध्ये इंटरचा ५-० असा पाडाव करून चषक उचलला.

आपल्याकडे बाद पद्धत आली ती लष्कराच्या छावण्यांतून. परराष्ट्र खात्याचे सचिव सर मॉर्टिमर ड्युरँड यांच्या नावाची स्पर्धा १८८८ मध्ये सिमल्याच्या परिसरात आणि रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ मध्ये मुंबईत सुरू झाली. दोन्ही स्पर्धांचे आरंभीचे विजेते गोऱ्या पलटणी होत. रजेचे आणि कवायतीचे दिवस सांभाळून थोडक्या मुदतीत स्पर्धा उरकावयाची असल्याने साखळीपेक्षा बाद पद्धत त्यांना सोयीची होती. रोव्हर्स चषकावर गैरलष्करी संघाचे नाव कोरले जाण्यास १९३७ साल उजाडावे लागले, आणि तो मान बंगळूरच्या बंगलोर मुस्लिम्स या संघाने मिळविला. १९४० मध्ये कलकत्त्याच्या महंमडन स्पोर्टिंगने रोव्हर्स आणि ड्युरँड हे दोन्ही चषक जिंकले. त्यानंतर महायुद्ध आणि फाळणी यांमुळे ड्युरँड स्पर्धा खंडित झाली आणि ती पुन्हा भरली ती १९५० मध्ये, दिल्लीत.

नेमक्या याच वर्षी हैदराबाद सिटी पोलीस हा संघ साऱ्या देशाच्या नजरेत भरला. तसा तो अगदीच अपरिचित नव्हता. १९४३ साली बंगळूरच्या अ‍ॅश सुवर्णचषक स्पर्धेत, क्रिकेटपटू म्हणून जगप्रसिद्ध असलेले डेनिस कॉम्प्टन ज्यात खेळत होते अशा रॉयल एअर फोर्सच्या संघाला त्याने हरविलेले होते. परंतु मध्यंतरी संस्थानात फार मोठी उलथापालथ झाली. रझाकारांचा धुमाकूळ, १९४८ च्या सप्टेंबरमधील पोलीस कारवाई, निजामी अंमलाची अखेर, या घटनांना जेमतेम दोन वर्षे लोटली होती, आणि ज्या राज्याचे पाच जिल्हे मराठी, काही कानडी आणि उरलेले तेलुगू, त्या राज्याच्या राजधानीचे पोलीस मुंबईच्या कूपरेज मैदानावर उतरून रोव्हर्स चषक घेऊन गेले. त्याच मोसमात ड्युरँडच्या अंतिम फेरीत मोहन बागानशी पहिला सामना बरोबरीत सुटला आणि फेरसामन्यात हैदराबादने बाजी मारली.

१९५० नंतर १९५१, १९५२, १९५३ आणि १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक हैदराबाद पोलिसांकडेच राहिला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ती स्पर्धा बंद पडेपर्यंत हा पराक्रम दुसऱ्या कोणासही साधला नाही. त्याचे मोल नीट ध्यानी यावे म्हणून थोडे गणित करू. एका स्पर्धेत पाच फेऱ्या आहेत आणि चारपैकी तीन सामने जिंकण्याइतका एखादा संघ बलवान आहे असे धरले, तर तो एका वर्षी विजेता होण्याची शक्यता सुमारे २४ टक्के, आणि सलग पाच वर्षे विजेता होण्याची शक्यता तेराशेत एक इतकी क्षीण निघते. दहापैकी नऊ सामने जिंकणारा असामान्य संघ घेतला तरी ओळीने २५ फेऱ्या पार करण्याची त्याची शक्यता ७ टक्क्यांच्या आसपासच राहते. याचा अर्थ असा, की बाद पद्धतीत पाच वर्षे टिकून राहणाऱ्या संघाच्या अंगी नुसते श्रेष्ठत्व असून भागत नाही. वाईट दिवशीही, चिखलातही, अननुभवी प्रतिस्पर्ध्यापुढेही हरावयाचे नाही, हा गुण अंगी मुरलेला असावा लागतो. तो हैदराबादकडे कोठून आला?

त्याचे उत्तर बव्हंशी एका शाळाशिक्षकाच्या चरित्रात सापडते. सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ चा, हैदराबादचाच. उस्मानिया विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी काचीगुडा, चादरघाट अशा ठिकाणच्या शाळांतून अध्यापन केले आणि म्हणूनच हयातभर, पुढे देशाचे प्रशिक्षक झाल्यावरही, लोक त्यांना रहीमसाहेब या आदरार्थी नावाने ओळखीत राहिले. १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीसपद आणि १९५० पासून शहर पोलिसांच्या संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे होते, आणि ही दोन्ही दप्तरे एका हाती असल्यामुळे गल्लीतल्या पोराला हेरण्यापासून त्याला कूपरेजवर उतरविण्यापर्यंतची सारी वाट त्यांना स्वतः आखता आली.

त्यांच्या अध्यापनाची रीत पाहण्यासारखी आहे. ते लहान स्पर्धा भरवीत, पण प्रत्येक स्पर्धेला एकेक चमत्कारिक नियम लावीत. एखाद्या स्पर्धेत चेंडू पायात खेळवीत नेण्याची मनाई असे. चेंडू आला की तो तत्काळ सहकाऱ्याकडे धाडलाच पाहिजे. दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत खेळाडूने आपल्या दुबळ्या पायानेच चेंडू मारावा असा दंडक असे. म्हणजे उजव्या पायाचा खेळाडू साऱ्या वेळात डाव्याच पायाने धडपडणार. प्रेक्षकांना यात गंमत वाटली असेल, परंतु यामागे एक व्यवहारी विचार होता. आपल्याकडील खेळाडूंना चेंडू घेऊन एकट्यानेच तीन-चार जणांना चकविण्याची हौस दांडगी. ती साधली तर टाळ्या, फसली तर चेंडू शत्रूच्या पायात. साखळीत अशी एखादी फसगत खपून जाते, बाद फेरीत तीच फसगत संघाला घरी पाठविते. डावा पाय आणि उजवा पाय सारख्याच विश्वासाचे झाले, चेंडू पायात क्षणभरही अडला नाही, की अशा फसगतीचे प्रसंगच कमी होतात. रहीमसाहेब आपल्या शिष्यांना चुका न करण्याचा अभ्यास करवीत होते असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. ब्राझीलने १९५८ च्या विश्वचषकात जी ४-२-४ अशी मांडणी जगापुढे ठेवली, तिच्याशी जुळणारी रचना ते त्याआधीपासून वापरीत होते, असेही भारतीय फुटबॉलचे अभ्यासक सांगतात.

पोलीस खात्याच्या नोकरीचाही यात वाटा होता. दरमहाचा पगार निश्चित, रोजची कवायत ठरलेली, आणि बाहेरच्या क्लबाने आमिष दाखविले तरी सरकारी चाकरी सोडून जाण्यास मन सहसा धजत नसे. यामुळे अझीझुद्दीन, नूर महंमद, जमाल, लईक, मोइनुद्दीन यांच्यासारखे खेळाडू वर्षानुवर्षे एकत्र राहिले आणि एकमेकांच्या पायांची भाषा ओळखू लागले.

रहीमसाहेबांना बाद फेरीचा दाहक अनुभव मिळाला तो मात्र परदेशात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांच्या हाताखालचा भारतीय संघ, ज्यातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत, तो पहिल्याच सामन्यात युगोस्लाव्हियाकडून १-१० असा चिरडला गेला. बाद पद्धत असल्यामुळे तेवढ्या एका सामन्यात साऱ्या मोहिमेचा निकाल लागला. त्यानंतर बूट घालून खेळणे आपल्याकडे सक्तीचे झाले. चार वर्षांनी मेलबर्नमध्ये नियती उलट दिशेने फिरली: पहिल्या फेरीतील प्रतिस्पर्धी हंगेरीचा संघ आलाच नाही आणि भारताला पुढे चाल मिळाली, पुढल्या फेरीत गोमंतकीय वंशाचे, मुंबईचे नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल करून यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमविण्यात मोठा वाटा उचलला, आणि भारत अखेर चौथ्या क्रमांकावर राहिला. त्या संघात अझीझुद्दीन, नूर महंमद, अहमद हुसेन आणि सिकंदराबादच्या अम्मुगुड्याचे तुळशीदास बलराम असे हैदराबादकर होते. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत तर दोन्ही पद्धतींतला फरक थोडक्याच दिवसांत दिसला. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरविले. तो बाद सामना असता तर तेथेच सारे संपले असते. परंतु आरंभी गटवार साखळी असल्याने भारत सावरला, थायलंड, जपान आणि मग उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनाम यांना हरवून अंतिम फेरीत आला, आणि त्याच कोरियाला ४ सप्टेंबर रोजी २-१ असे नमवून सुवर्णपदक घेऊन परतला. हा त्यांचा अखेरचा मोठा विजय ठरला. कर्करोगाने ग्रासलेल्या रहीमसाहेबांचे ११ जून १९६३ रोजी निधन झाले.

तोवर राज्याचा नकाशाही बदलला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आणि तेलंगण आंध्र प्रदेशात गेले. तरीही संतोष चषकाच्या राष्ट्रीय स्पर्धेत हैदराबाद हे नाव आणखी काही काळ टिकले, आणि १९५६-५७ व १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याच हैदराबादने अंतिम फेरीत मुंबईला हरविले. परंतु एका माणसाच्या पायावर उभी असलेली इमारत त्या माणसामागे खचू लागली. नईमुद्दीन, महंमद हबीब यांच्यासारखे नंतरच्या पिढीचे खेळाडू कलकत्त्याच्या मोठ्या क्लबांनी नेले. १९७७ मध्ये पेले ज्यात होते त्या कॉसमॉस संघाविरुद्ध मोहन बागानकडून गोल करणारे हबीब हे हैदराबादचेच, पण त्यांची कीर्ती कलकत्त्याच्या खात्यावर जमा झाली.

व्यावसायिक क्लबांच्या काळात शहराला पुन्हा एकदा संधी मिळाली. २०१९ मध्ये पुण्याच्या क्लबाची जागा घेऊन हैदराबाद एफसी इंडियन सुपर लीगमध्ये उतरला, आणि स्पेनच्या मानोलो मार्केझ यांच्या मार्गदर्शनाखाली २० मार्च २०२२ रोजी गोव्यातील फातोर्डा मैदानावर विजेता झाला. त्याआधीच्या उपांत्य फेरीत एटीके मोहन बागानविरुद्ध ३-१ आणि ०-१ अशी एकूण ३-२ ही बेरीज युरोपीय रीतीनेच उपयोगी पडली होती. अंतिम सामन्यात केरळ ब्लास्टर्स पुढे असताना गोव्याच्या साहिल तावोराने ८८ व्या मिनिटाला बरोबरी साधली, आणि शूटआउटमध्ये गोव्याचाच गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याने तीन फटके अडविले. त्यांपैकी निशू कुमारचा फटका तर त्याला दोनदा अडवावा लागला; पहिल्या वेळी तो रेषेच्या पुढे आल्याचे ठरवून पंचांनी फटका पुन्हा मारावयास लावला, आणि त्याने तोही परतविला. पुढल्याच वर्षी, २०२३ च्या मार्चमध्ये, त्याच मोहन बागानशी दोन्ही सामने गोलशून्य झाले आणि शूटआउटमध्ये हैदराबादला हार खावी लागली. साखळीत दुसऱ्या क्रमांकावर आलेला संघ एकही गोल न खाता बाहेर पडला. त्याच मोसमात लीगने तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या संघांसाठी एका सामन्याची आरंभीची बाद फेरी प्रथमच घेतली, आणि ३ मार्च रोजी बंगळूरमध्ये सुनील छेत्रीने झटपट घेतलेल्या फ्री किकवरील गोल पंचांनी ग्राह्य धरताच केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून निघून गेला. महासंघाने त्या क्लबाला चार कोटी रुपयांचा दंड ठोठावला. हैदराबादचा क्लब मात्र पुढे डबघाईस येऊन २०२५ मध्ये दिल्लीस हलविला गेला.

या दोन कालखंडांची तुलना केली म्हणजे निष्कर्ष आपोआप निघतो. एका मोसमाचा चषक पैसा, परदेशी प्रशिक्षक आणि एखाद्या गोलरक्षकाची असामान्य रात्र यांच्या बळावर मिळू शकतो, आणि तो मिळाला तर त्याचे कौतुकही व्हावे. परंतु पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत पाच वर्षे न चुकण्याची सवय पैशाने विकत घेता येत नाही. ती काचीगुडा-चादरघाटच्या शाळांतून, डाव्या पायाच्या स्पर्धांतून आणि पोलिसांच्या रोजच्या कवायतीतून घडली होती. ज्या शहराला, मग ते हैदराबाद असो, औरंगाबाद असो वा नागपूर, ती सवय पुन्हा हवी असेल, त्याने मोठ्या मैदानांवरील खर्चाचा एक अंश तरी शाळकरी मुलांच्या अशा स्पर्धांकडे वळवावा. रहीमसाहेबांच्या स्पर्धांना एक चेंडू, एक मैदान आणि नियम काटेकोरपणे पाळून घेणारा एक शिक्षक याहून अधिक काही लागत नव्हते.